अमळनेरचे गुणे मास्तर आणि मनाचं औषध



आपल्याकडे घरात कुणी गेलं की पहिले काही दिवस बाईला एकटं सोडत नाहीत. उठावणा होतो, पाहुणे येतात, माहेरची माणसं राहतात, कुणी ना कुणी शेजारी बसलेलं असतं. पंधरा-वीस दिवसांत एकेक जण आपापल्या गावी परततो आणि मग खरा शोक सुरू होतो, तोही रात्री. झोप लागत नाही, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं, फोन वाजला तरी धडधडतं. डॉक्टर बीपी मोजतात, गोळी लिहून देतात आणि म्हणतात, "टेन्शन घेऊ नका." नात्यातल्या बायका म्हणतात, "काहीतरी योगा लाव, बरं वाटेल."

हे "योगा लाव" आता आपण किती सहज म्हणतो! पण आपल्या आजीच्या काळात असं कुणी म्हणत नव्हतं. तेव्हा योग म्हणजे जोगी-बैराग्यांचं काम. संसारी माणसाने, त्यातून बाईने, त्याच्या वाटेला जायचं नाही अशीच समजूत होती. मग ही आसनं आणि हा श्वास मठातून निघून दवाखान्यात, तेही मनाच्या आजारांच्या विभागात, पोहोचले कसे? हा इतिहास वाचायला घेतला आणि त्याचा धागा थेट आपल्या खानदेशात सापडला. आमच्या वरणगावहून भुसावळला जाऊन सुरत लाइनची गाडी धरली की जळगाव, धरणगाव आणि मग येतं अमळनेर. तिथे शंभर वर्षांपूर्वी एक मास्तर होते, त्यांची ही गोष्ट.

अमळनेरचे मास्तर

त्यांचं नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३, गुजरातेत डभोईला. मुलगा हुशार, १९०३ साली मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. पुढे बडोद्यात माणिकरावांच्या आखाड्यात १९०७ ते १९१० अशी तीन वर्षं शरीर कमावलं. लोकमान्य टिळकांचा तो काळ. देशासाठी काहीतरी करायचं हे मनात पक्कं होतं. पण गावोगाव हिंडताना अज्ञान आणि अंधश्रद्धा पाहिली आणि त्यांनी शिक्षणाची वाट धरली.

ती वाट त्यांना अमळनेरला घेऊन आली. खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या उभारणीत त्यांनी हात लावला आणि १९१६ साली तिथल्या नॅशनल कॉलेजचे ते प्राचार्य झाले. त्याच वर्षी प्रताप शेठजींनी अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर सुरू केलं. बोरी नदीकाठचं हे कापसाच्या गिरणीचं गाव तेव्हा विद्येचंही गाव होत होतं. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिकवू लागले ते याच्या नंतर, १९२४ मध्ये. कॉलेजातलं राष्ट्रीय वारं इंग्रज सरकारला मानवलं नाही आणि १९२० साली ते बंद झालं. गुणे मात्र १९२३ पर्यंत विद्यार्थ्यांना भारतीय संस्कृती शिकवत राहिले.

मधल्या काळात, १९१९ साली, नर्मदाकाठी मालसर इथे त्यांना परमहंस माधवदास महाराज भेटले. महाराज मूळचे बंगालचे, वयाने फार वृद्ध. त्यांच्याकडून गुणे हठयोग शिकले. इथपर्यंतची गोष्ट नेहमीचीच आहे, गुरू भेटला आणि शिष्य तरला. वेगळं काय झालं ते पुढे आहे.

गुणेंना प्रश्न पडला की या क्रियांनी शरीरात नेमकं होतं काय? गुरूंवर श्रद्धा होतीच, पण म्हणून प्रश्न विचारायचा नाही असं त्यांना वाटलं नाही. १९२०-२१ मध्ये त्यांनी आपले काही विद्यार्थी बडोद्याच्या सरकारी इस्पितळात नेले आणि उड्डियान व नौली करताना पोटात काय घडतं ते एक्स-रे लावून पाहिलं. दाब मोजले. नौली करताना आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी होतो, हे त्यांना यंत्रावर दिसलं. आज यात नवल वाटणार नाही. पण एक्स-रे हेच तेव्हा नवीन होतं, आणि योग्याच्या क्रियेला यंत्राखाली ठेवणं म्हणजे अनेकांना पाखंड वाटलं असतं.

मी बी.कॉम.ची. मला हा माणूस आवडतो तो त्याच्या हिशेबी स्वभावासाठी. जमा किती, नावे किती हे लिहिल्याशिवाय शिल्लक सांगायची नाही. "मला बरं वाटलं" एवढ्यावर ते थांबले नाहीत.

लोणावळा ते परळ

१९२४ च्या दसऱ्याला गुणेंनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं. आता ते स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले जात होते. त्याच ऑक्टोबरात 'योगमीमांसा' हे त्रैमासिक निघालं. प्रयोगाचे निष्कर्ष एका बाजूला, आसनं कशी करावीत हे दुसऱ्या बाजूला, अशी त्याची मांडणी होती. १९२७ साली गांधीजी रक्तदाबाने आजारी पडले तेव्हा त्यांचा आणि स्वामीजींचा आसनांविषयी पत्रव्यवहार झाला.

इथे बायकांची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. माधवदास महाराजांचे दुसरे एक शिष्य होते मणिभाई देसाई, म्हणजे श्री योगेंद्र. त्यांनी १९१८ सालीच मुंबईत वर्सोव्याला, दादाभाई नौरोजींच्या घरात, योग इन्स्टिट्यूट सुरू केली. पुढे ती सांताक्रूझला गेली. योगेंद्रांनी लग्न केलं, संसार केला आणि योग घरातल्या माणसासाठी आहे हे स्वतः जगून दाखवलं. त्यांच्या पत्नी सीतादेवी योगेंद्र यांनी १९३४ साली बायकांच्या योगावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. बाईने बाईसाठी लिहिलेल्या योगाच्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. ज्या दारातून आपल्या आजीला आत येऊ देत नव्हते, ते दार असं आतून उघडलं गेलं.

आता मनाच्या आजाराकडे येते. कैवल्यधामात पोट, दमा, पाठ यांचे रुग्ण येत होतेच. पण स्वामीजी आणि त्यांचे सहकारी डॉ. एस. एल. विणेकर यांच्या लक्षात आलं की शरीर आणि मन वेगळे खण करून ठेवता येत नाहीत. १९६३ साली केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याच्या आरोग्यशिक्षण विभागाने या दोघांचं योगोपचारावरचं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात योगोपचाराची कामं तीन प्रकारची सांगितली आहेत. मनाची दृष्टी सुधारणं, स्नायू, मज्जा आणि ग्रंथींना नवं वळण लावणं, आणि आहार व पोट साफ राहण्याकडे लक्ष देणं. यात पहिला नंबर मनाच्या दृष्टीचा आहे, आसनाचा नाही. आणि ती दृष्टी कोणती? मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा. आपल्या तत्त्वार्थसूत्रातल्या मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य या चार भावना आठवतात ना? मुदिता म्हणजेच प्रमोद, उपेक्षा म्हणजेच माध्यस्थ्य. नावं थोडी बदलली, घर तेच.

१८ एप्रिल १९६६ ला स्वामी कुवलयानंद गेले. त्याच वर्षी इंग्लंडच्या 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्री'त एक लेख आला. तो लिहिणाऱ्यांत मुंबईच्या परळच्या के. ई. एम. इस्पितळातले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एस. वाहिया होते आणि डॉ. विणेकरही होते. मनाच्या आजारांवर भारतातल्या जुन्या विचारांचा उपयोग कसा होतो, हा त्याचा विषय. अमळनेरच्या मास्तरांनी विचारलेला प्रश्न असा लोणावळ्याहून परळला पोहोचला.

परळला काय सापडलं

डॉ. वाहियांनी पातंजल योगातल्या पाच पायऱ्या घेतल्या: आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा आणि ध्यान. चिंतेने, भीतीने, मनामुळे होणाऱ्या शारीरिक त्रासाने गांजलेल्या रुग्णांना रोज तासभर, काही आठवडे, हे करायला लावलं. मग त्यांनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली. रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला पाचही पायऱ्या शिकवल्या. दुसऱ्या गटाला आसनासारख्या दिसणाऱ्या हालचाली आणि प्राणायामासारखा दिसणारा श्वास दिला, पण चित्त एका जागी आणण्याच्या पायऱ्या दिल्या नाहीत. दोन्ही गटांना डॉक्टरांचा वेळ मिळाला, आपुलकी मिळाली. चिंता जास्त कमी झाली ती पहिल्या गटाची.

रुग्णांची संख्या मोठी नव्हती, आजच्या मापाने हे प्रयोग लहानच म्हणायचे. पण त्यातून जे दिसलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. नुसतं अंग वाकवून मनाचं औषध होत नाही. अंग वाकतं तेव्हा लक्ष कुठे असतं, यावर सगळं अवलंबून असतं.

त्याच इस्पितळातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी शवासनाचा प्रयोग केला. त्यातही डॉ. विणेकर सोबत होते. १९६९ साली तो प्रसिद्ध झाला. रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना रोज अर्धा तास शवासन करायला शिकवलं. नुसतं पडून राहायचं नाही, श्वासाकडे लक्ष ठेवून अंग सैल सोडायचं. बऱ्याच जणांचा दाब उतरला, काहींच्या गोळ्या कमी करता आल्या, आणि डोकेदुखी, चिडचिड, झोप न येणं या तक्रारीही कमी झाल्या. हठयोगप्रदीपिकेत शवासनाबद्दल म्हटलंय की ते थकवा घालवतं आणि चित्ताला विसावा देतं. ते के. ई. एम.च्या यंत्रावर कागदावर उतरलं.

शोक शरीरात कुठे राहतो

आपण दुःख मनात असतं असं म्हणतो. पतंजलींनी मात्र चित्त विस्कटल्याची जी लक्षणं सांगितली आहेत, त्यात दुःख आणि खिन्नतेच्या जोडीने अंगाचा कंप आणि बिघडलेला श्वास अशी दोन शरीराची लक्षणं आहेत. ज्या बाईने शोक केलाय तिला हे समजावून सांगावं लागत नाही. घास उतरत नाही, हात थरथरतात, श्वास अर्धाच आत जातो आणि मध्येच एखादा लांब उसासा येतो.

माझे यजमान गेले त्याला सात वर्षं झाली. त्यानंतर काही महिने मी रात्री दोनला उठून बसायची. सुनेने आग्रह करून भुसावळला एका बाईंच्या वर्गात नेलं. मला वाटलं होतं, आता या वयात हात-पाय वाकवायला सांगणार. त्यांनी पहिले पंधरा दिवस शवासनाशिवाय काही दिलंच नाही. एवढंच सांगितलं, "काकू, श्वास बाहेर जाताना आत येण्यापेक्षा थोडा लांब होऊ द्या. ओढू नका, सोडा." चौथ्या-पाचव्या दिवशी आडवं पडल्या पडल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बाई काही बोलल्या नाहीत, एक रुमाल ठेवून गेल्या. त्या रात्री मी पहाटे पाचपर्यंत झोपले. दुःख गेलं नव्हतं, ते आजही आहे. पण अंगाने त्याला घट्ट धरून ठेवलेलं होतं, ती मूठ सैल झाली.

श्वास लांब सोडल्यावर असं का होतं? श्वास घेताना हृदयाचे ठोके जरा वाढतात, सोडताना जरा मंदावतात. सोडण्याचा वेळ वाढला की शरीराला विसाव्याचा निरोप जातो. भीतीत आपण उलट करतो, आत ओढतो आणि धरून ठेवतो. म्हणून चिंतेने घाबरलेल्या बाईला टीव्हीवर पाहून एकदम जोरजोरात कपालभाती करायला लावू नये. बीपी, हृदयविकार असेल तर मुळीच नाही. स्वामी कुवलयानंदही आसनात ताण आणि जबरदस्ती नको असंच शिकवत.

आपल्या घरातला ठेवा

हे वाचताना मला आपले हेमचंद्राचार्य आठवत होते. बाराव्या शतकात, राजा कुमारपाळाच्या विनंतीवरून त्यांनी 'योगशास्त्र' लिहिलं. त्यात पाचव्या प्रकाशात प्राणायामाची भरपूर माहिती आहे. आणि लगेच सहाव्यात ते म्हणतात की श्वास कोंडून छळलेल्या मनाला स्वस्थता मिळत नाही. एवढी विद्या सांगूनही तिची मर्यादा सांगणं, हे आचार्यांनाच जमतं.

शोकाबद्दलही आपल्याकडे फार बारीक विचार झाला आहे. तत्त्वार्थसूत्रात ध्यानाचे चार प्रकार सांगितले: आर्त, रौद्र, धर्म आणि शुक्ल. आर्तध्यानाचेही चार. त्यातला एक म्हणजे आवडत्या माणसाच्या वियोगाने मन पुन्हा पुन्हा तिथेच जाणं, आणि एक म्हणजे नको असलेली गोष्ट समोर आल्यावर ती कधी टळेल हाच घोर लागणं. आजच्या भाषेत पहिला शोक, दुसरी चिंता. मला लहानपणी प्रश्न पडायचा की रडण्याला 'ध्यान' कसं म्हणायचं? आता कळतं. शोक करणाऱ्या बाईइतकं एकाग्र कुणी नसतं. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, तिचं चित्त एकाच जागी असतं. एकाग्रता तिच्याजवळ आहेच, तिला बसायला दुसरी जागा हवी असते. परळच्या दोन गटांत फरक पडला तो याच ठिकाणी.

ती जागा आपल्याला परंपरेने दिली आहे, तिचं नाव काउसग्ग. कायोत्सर्ग म्हणजे कायेचा ताबा सोडणं. जुन्या गणितात काउसग्ग मिनिटांत नाही, श्वासात मोजलेला आहे. एक पद म्हणजे एक श्वासोच्छ्वास. एक लोगस्स म्हणजे पंचवीस. पक्खीला १२ लोगस्स, म्हणजे ३००. चौमासीला २०, म्हणजे ५००. संवत्सरीला ४० लोगस्सचे १००० आणि एका नवकाराचे ८, मिळून १००८. आपल्या दिगंबर भगिनी नऊ णमोकार २७ श्वासांत म्हणतात, म्हणजे एका णमोकाराला तीन श्वास. गिनती वेगळी, मोजमाप तेच. घड्याळाकडे बघत भराभर म्हटलेला लोगस्स पंचवीस श्वासांचा राहत नाही. श्वासाबरोबर म्हटलेला राहतो.

काउसग्ग हा बीपीचा उपाय नाही हे मला माहीत आहे. तो आत्म्यासाठी आहे, कर्मनिर्जरेसाठी आहे. पण पिकाला दिलेल्या पाण्याने बांधावरचं गवतही हिरवं होतं, ते नाकारायचं कशाला? आचार्य तुलसींच्या काळात, १९७५ साली, मुनी नथमलजींनी म्हणजे पुढच्या आचार्य महाप्रज्ञांनी प्रेक्षाध्यान आकाराला आणलं, त्यातही पहिलं पाऊल कायोत्सर्गाचंच ठेवलं.

तर करायचं काय

ज्या मैत्रिणीच्या घरी अलीकडे दुःख झालंय तिला एवढंच सांगते. "हिंमत धर, कर्माचे भोग आहेत" हे वाक्य खरं असलं तरी पहिल्या महिन्यात ते ऐकवणाऱ्याच्या सोयीचं असतं. भगवान महावीरांचं निर्वाण झालं तेव्हा गौतमस्वामींसारखे गणधरही विलाप करत होते, आणि त्यातून सावरून त्यांना केवलज्ञान झालं. तेव्हा रडू आलं म्हणून तुझा धर्म कमी पडला असं समजू नकोस.

दिवसातून एकदा, जेवणानंतर लगेच नाही, सतरंजीवर पाठीवर पड. मान दुखत असेल तर पातळ उशी घे. पायापासून वर एकेक अवयव सैल सोड. श्वास बाहेर जाताना मोज, पंचवीसपर्यंत. मोजणं चुकलं तर पुन्हा एकपासून. डोळे मिटल्यावर फारच भीती वाटत असेल तर डोळे उघडे ठेव, नाहीतर बसून कर, शेजारी कुणाला तरी बसव. शिकवणारी माणसासारखी माणूस शोध, आणि सुरू असलेली गोळी मनाने बंद करू नकोस. के. ई. एम.मध्येही हे सगळं डॉक्टरांच्या नजरेखाली झालं होतं. आणि जगूच नये असं वाटायला लागलं, महिनोन्महिने काहीच करवेना, तर ती रात्र एकटीने काढू नकोस. घरात सांग, डॉक्टरांकडे जा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरावर आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मनाचा डॉक्टर म्हणजे वेड्याचा डॉक्टर, ही समजूत आता आपण आपल्या पिढीतच संपवू या.

आणि जिच्या घरी सध्या सगळं ठीक आहे, तिच्यासाठीही एक काम आहे. उठावण्याला आपण सगळ्याच जातो. विसाव्या दिवशी, घर रिकामं झाल्यावर जा. चहा तू कर. मग तिच्या शेजारी सतरंजी टाक आणि दोघी मिळून पंचवीस श्वास मोजा.

जय जिनेंद्र.